कापलेला प्रवेश

नाटकात काम कराल का, असं मला पहिल्यांदा विचारलं गेलं ते देवळाली कॅम्पच्या पोस्टात, काउंटरवर. विचारणारा माणूस रांगेत उभा होता. त्याच्यापुढे एका जवानाची बायको होती, नुकतीच नवऱ्याच्या बदलीवर इथे आलेली. तिला पार्सलचा फॉर्म भरता येत नव्हता. मी तिला तीनदा समजावून सांगितलं. ती गेली, रांग पुढे सरकली, आणि तो माणूस हातातलं पाकीट पुढे न करता म्हणाला, "तुम्ही त्यांना तीच गोष्ट तीनदा सांगितलीत. तिसऱ्यांदाही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. हे फार थोड्यांना जमतं. आमची एक नाट्यसंस्था आहे. काम कराल का?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण चेहरा अगदी गंभीर होता. पन्नाशीचा बारकासा माणूस, शर्टाच्या खिशात पेनऐवजी स्टीलची छोटी पट्टी. सातपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करत होते, हे नंतर कळलं. संस्थेत सगळे त्यांना मामा म्हणत, कारण पहिल्या नाटकात त्यांचा भाचा होता आणि त्याचं ऐकून बाकीच्यांच्या तोंडी तेच बसलं. भाचा पुढे पुण्याला गेला, मामा सगळ्यांचे झाले.

तालमी नाशिकच्या द्वारका चौकामागे, एका महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये चालत. संध्याकाळी साडेपाचला मी पोस्टातून सुटायचे, बस पकडून साडेसहापर्यंत पोचायचे. बाहेर चौकात ट्रक, रिक्षा, बस यांचे हॉर्न अखंड चालू. आवाज चढवून बोलायला मामांची सक्त मनाई होती. "हॉर्नशी भांडू नका," ते म्हणत. "दोन हॉर्नच्या मध्ये जागा असते. तिथे बोला." त्यामुळे आमच्या संस्थेची माणसं रंगमंचावर थांबायला शिकली. दुसऱ्या संस्थांचे लोक आमच्या थांबण्याचं कौतुक करत. ते कौतुक खरं तर द्वारकेच्या चौकाचं होतं.

मामा तालमीला समोर बसत नसत. बाजूला, भिंतीला टेकून, जमिनीवर बसत आणि नटांच्या पायांकडे बघत. "तोंड खोटं बोलायला लवकर शिकतं, पायांना वेळ लागतो," असं त्यांचं म्हणणं. नाटकाला लागणारी प्रत्येक वस्तू ते स्वतः बनवत. दाराची कडी, पाळण्याचा आकडा, कंदिलाची दांडी. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलं की अंगणात कानशीचा आवाज ऐकू यायचा. कपड्यांची बाजू जुन्या नाशकातले एक शिंपी सांभाळत. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. कुणाला नवाकोरा कपडा घालून रंगमंचावर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. शिवलेला कपडा ते आठ दिवस दुकानाच्या पायरीवर पायपुसण्यासारखा टाकत, मग धुऊन आमच्या हातात देत.

मी संस्थेत तीन-चार वर्षं रुळल्यावर आमच्याकडे एक नवं नाटक आलं. लिहिणारे इथल्याच कॉलेजात शिकवत. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातलं एक कुटुंब हंगामाला दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला येतं. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तापाचं निमित्त होऊन मुलगी बागेतल्या झोपडीतच जाते. ती आई मी होते.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी आईच्या रडण्याचा प्रवेश होता. पोरीला कापडात गुंडाळलेलं, आणि मी तिच्यावर पडून रडते, केस सोडते, माती कपाळाला लावते. चांगली सहा-सात मिनिटं. मी त्यासाठी अतोनात मेहनत घेतली होती. नाट्यस्पर्धेच्या प्रयोगात सभागृहातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. पोस्टातल्या साहेबांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला. नंतर आठवडाभर लोक तिकिटं घ्यायला यायचे आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हवं.

स्पर्धेचा प्रयोग बघायला पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचे शिक्षक आले होते. प्रयोगानंतर ते मेकअपच्या खोलीत आले आणि मामांना म्हणाले, "हे आमच्या गावात करा. ज्यांची गोष्ट आहे, त्यांना दाखवा."

मामांनी लगेच हो म्हटलं. मग विचारलं, "दुपारी चारला तिथे ऊन कुठल्या बाजूनं येतं?"

दिवाळी होऊन गेली होती. भातकापणी उरकत आली होती आणि माणसं अजून कामाला खाली उतरली नव्हती. सामान टेम्पोत आणि आम्ही जीपमध्ये, असे पेठ रोडचा घाट चढून गेलो. प्रयोग गावाबाहेरच्या खळ्यावर, सारवलेल्या जमिनीवर. लाइट नाहीत, पडदा नाही. उजेडात आमचे रंगवलेले चेहरे इतके विचित्र दिसायला लागले, की मामांनी सगळ्यांना तोंडं धुवायला लावली. मास्तर माझ्या लुगड्याकडे बघत राहिले. पुढे बसलेल्या बायकांची लुगडी बघितली, पुन्हा माझं बघितलं. म्हणाले, "ताई, आठ दिवस कमीच पडले."

पहिला अर्धा तास गाव खूप हसलं. नाटकातला मुकादम बोलायला लागला की पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसत होते. नाशिकला जिथे शांतता असायची तिथे इथे हशा पिकत होता. मला हुरूप आला. मग माझा प्रवेश आला आणि मी रडायला लागले. सगळं शांत झालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. दोघीतिघी पोरांना घेऊन उठल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना सहन होत नाहीये. मी आणखी जीव ओतला.

प्रयोग संपल्यावर गावानं जेवायला घातलं. नागलीची भाकरी आणि कालवण म्हणून उडदाचं भुजं. मी जेवत होते तिथे एक म्हातारी येऊन बसली. तिनं माझा पदर दोन बोटांत धरून बघितला.

"तुझी पोर खरीच मेली का?" तिनं विचारलं.

"नाही आजी. नाटकात."

"पोरंबाळं हायत?"

"एक मुलगा आहे. बरा आहे."

तिनं पदर सोडला. मग म्हणाली, "तिथं असं रडाया मिळत नाय."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"माझी नात गेली तशीच. बागेवर. सकाळी मातीत ठेवली, तवर मुकादम आला, म्हणला बाग थांबत नाय. सून उठली, कमरेला सुतळी बांधली, गेली वेल बांधाया. रडली नाय. तिथं ज्यांची बाग, ती लोकं म्हणली, ही बाई दगड हाय."

मामा माझ्या पलीकडे जेवत होते. ते ताट हातात घेऊन उठले आणि म्हातारीच्या समोर येऊन खाली बसले. "मग कधी रडल्या त्या?"

"शिमग्याला घरी आलो तवा. पोरीची एक कोंबडी होती. जाताना शेजारणीकडं ठेवून गेली, हिला संभाळ म्हणली. सून घरी आली, कुलूप काढलं, झाडलं, पाणी आणलं. तवर शेजारीण आली टोपलं घेऊन. म्हणली, कुठं हाय तुझी पोर, तिच्या कोंबडीला सात पिलं झाली, मोजून घे म्हणावं तिला. तवा रडली. दोन दिस उठली नाय."

 मग म्हातारीनं हनुवटीनं खूण केली. आम्हाला भाकरी वाढत फिरणारी तरुण बाई, तीच तिची सून. ती माझ्या ताटात दोनदा वाढून गेली होती.

मामांनी हळू आवाजात विचारलं, "आजी, हे आम्ही नाटकात घेतलं तर चालेल का? त्यांना विचाराल?"

म्हातारी उठून सुनेकडे गेली. दोघी चुलीपाशी काहीतरी बोलल्या. परत येऊन म्हणाली, "घ्या म्हणते. नाव घ्यायचं नाय."

उतरताना घाटात मामा ड्रायव्हरशेजारी बसले होते.  मागे वळून मला म्हणाले, "दुसऱ्या अंकाचा शेवट जाईल."

"म्हणजे माझा प्रवेश?"

"हो."

"त्यालाच बक्षीस मिळालंय, मामा."

"ते तुझंच आहे. ते कोणी मागत नाही. पण रडणं काढावं लागेल."

मी तिथेच भांडले. एका गावातल्या एका बाईच्या बाबतीत असं झालं म्हणून सगळ्यांचंच तसं असतं का, असं विचारलं. लेखक जीपमध्ये होते, तेही माझ्या बाजूनं बोलले. त्यांनी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पान होतं. मामांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "बायका माना खाली घालून बसल्या होत्या. आपल्याकडे बघून त्यांना लाज वाटत होती. मी त्यांचे पाय बघत होतो."

मी तालमीला जायचं बंद केलं. कुणाला काही सांगितलं नाही. पोस्टातून सुटले की सरळ घरी. दोन आठवडे कोणाचा फोन आला नाही. मामांचाही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर काउंटरवर आले. मालेगावला त्यांची मुलगी होती, तिच्या बाळासाठी शिवलेली झबली पाठवायची होती. पार्सल माझ्याकडे देऊन ते बाजूला उभे राहिले. रांग संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ताई, चाळीस साल झाले मशीनवर. गिऱ्हाईक कोट घालून बोलतो, मास्तर, काखेत धरतं. मी काय त्याला बोलू, की कॉलर बघ किती मस्त बसलीय?"

मी म्हटलं, "मामांनी पाठवलं तुम्हाला?"

"त्यांना माहीत पण नाही. ते बागेत जातात रोज, ड्यूटी सुटल्यावर. वेल बांधायला शिकतात."

 दिवसभर कारखान्यात उभा राहिलेला माणूस मोटरसायकल काढून दिंडोरी रोडला जातो आणि तिथल्या मजुरांकडून द्राक्षाच्या काड्या तारेला कशा बांधायच्या ते शिकतो. ते काम रंगमंचावर मी करायचं होतं, आणि शिकत ते होते, मी आले नाही तर दुसऱ्या कुणाला तरी शिकवता यावं म्हणून. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात तारा ताणायचे आकडे कानसत होते. मला बघून त्यांनी फक्त शेजारची सुतळीची गुंडी माझ्याकडे सरकवली.

त्या महिन्यात मी बारा-तेरा वेळा बागेत गेले असेन. वेलाच्या मांडवाखाली हात सतत वर धरून काम करावं लागतं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. शेजारची बाई न बघता बांधत पुढे जायची, तोंडानं दुसऱ्याच गोष्टी बोलत. मला तिच्या हातांचा हेवा वाटायला लागला. हळूहळू लक्षात आलं की या कामात रडायला खरंच जागा नसते. हात वर, मान वर. पाणी आलं तर डोळ्यांतून कानांत जाईल आणि पुसायला हात मोकळा नाही.

नवा शेवट असा बसला. मुलीला मातीत ठेवून आई येते, कमरेला सुतळी बांधते आणि कामाला लागते. रंगमंचावर आडव्या तीन तारा. ती पहिली तार पूर्ण बांधते, मग दुसरी. एकही शब्द नाही. मुकादम एकदा येऊन बघून जातो. तिसऱ्या तारेच्या मध्यावर अंधार. तिसऱ्या अंकात घर, झाडू, पाण्याची कळशी आणि शेजारीण. ती टोपलं ठेवून बोलते तेव्हा आई प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असते. ऐकून आई खाली बसते आणि नाटक संपतं. कोंबडी आम्ही आणली नाही. टोपलं झाकलेलंच राहिलं. लेखकांनी शेजारणीची वाक्यं आठ वेळा लिहिली आणि नवव्यांदा म्हातारी जशी बोलली होती तशीच ठेवली. "यात माझं काय?" ते म्हणाले. मामा म्हणाले, "हे ठेवायचं कळलं, ते तुमचं."

नाशिकमधला पहिला प्रयोग फसला असंच मला वाटलं. टाळ्या कमी. एक जाणकार गृहस्थ भेटून म्हणाले, "बाई, तुमचा हुकमी प्रवेशच काढला की. काय हा दिग्दर्शकाचा हट्ट." मामा शेजारी होते. त्यांनी मान हलवली आणि तारा गुंडाळायला गेले. वाईट वाटलं असेल, पण दिसलं नाही.

शिमग्याला आम्ही परत त्याच गावात गेलो. खाली गेलेली माणसं होळीसाठी घरी आली होती. या वेळी खळ्यावर जागा पुरली नाही, पोरं झाडांवर बसली. म्हातारी पुढे होती आणि तिच्याशेजारी सून. मला दुसऱ्या अंकापर्यंत तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी सुतळी कमरेला बांधली, हात वर केले आणि बांधायला सुरुवात केली. कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही. मधेच मागून एका बाईचा आवाज आला, अगदी साधा, कामावर बोलतात तसा, "लवकर उरक बये, ऊन चढलं." दुसऱ्या कुणी तिला गप्प केलं नाही. मला वाटलं, मी खरंच त्यांच्यातली एक म्हणून मांडवाखाली उभी आहे. असं मला आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा वाटलं नाही.

नाटक संपल्यावर सून माझ्याकडे आली नाही. ती सरळ तारांपाशी गेली. मी बांधलेल्या गाठी बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. मग मला हात करून बोलावलं.

"गाठ अशी नाय," ती म्हणाली. "ही वेलीला कापते. अशी घ्यायची, ढिली. वेल जाड होते ना पुढं."

तिनं माझ्या हातातून सुतळी घेऊन दोनदा करून दाखवली. मग मला करायला लावली. मामा तिथे येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "आणि बाकीचं?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "बाकी असंच होतं," म्हणाली, आणि सासूला घेऊन घराकडे गेली.

मामा किती तरी वेळ त्या तारेपाशी उभे होते. परतीच्या वाटेवर ते एकटेच गुणगुणत होते. मी त्यांना गाताना ऐकलं ते तेवढंच.

त्या नाटकाचे पुढे सहा वर्षं प्रयोग झाले, बरेचसे शाळांच्या पटांगणात आणि बाजारच्या गावांत. वणीला जत्रेच्या दिवसांत केला तेव्हा गडावरून उतरलेले लोक पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. पण आमच्या संस्थेत खरा फरक पडला तो वेगळा. मामांनी नियमच केला, की नाटक ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्यात पहिला प्रयोग करायचा, स्पर्धा नंतर. मालेगावच्या यंत्रमागांवरचं नाटक आम्ही शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एका कारखान्याच्या आवारात केलं. मास्तरांच्या जावयानं ती जागा मिळवून दिली होती. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं सांगितलं, की मागाजवळ काम करणारी माणसं घरीसुद्धा मोठ्यानं बोलतात, तुमचा बाप इतका हळू कसा बोलतो. बापाचा आवाज बदलला आणि सगळं नाटक बदललं. जवानांच्या बायकांवरचं नाटक आम्ही कॅम्पातच केलं. तिथे माझ्या काउंटरवर रोज येणाऱ्या एकीनं मला पत्र कसं वाचतात ते शिकवलं. आधी शेवट वाचायचा, मग सुरुवातीपासून.

मामा आता घरीच असतात. गुडघ्यांची दोन्ही ऑपरेशनं झालीत. तालमी मी घेते. संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला म्हणून तिथल्या तरुण मुलांनी ठरवलं की एक छोटी पुस्तिका काढायची. कोणतं नाटक, किती प्रयोग, कोणती बक्षिसं. मी यादी करून मामांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि बाजूला ठेवली.

"हे ठीक आहे," म्हणाले. "पण प्रत्येक नाटक कोणी दुरुस्त केलं, ते लिही. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यांनी सांगितलेलं तर माहीत आहे."

"सगळं आठवेल तुम्हाला?"

"आठवेल. लिहून घे."

मग ते पहिल्या नाटकापासून सांगत गेले. मंगल कार्यालयातला प्रयोग, तिथल्या आचाऱ्यानं चुलीसमोर बसायची पद्धत कशी सुधारली. रुग्णालयाच्या नाटकात एका नर्सबाईंनी पेशंटला उचलायचं कसं ते दाखवलं होतं. मी लिहीत होते, मधूनच विचारत होते, ते हातांनी करून दाखवत होते. चौथ्या नाटकापर्यंत पोचलो तेव्हा त्यांचे डोळे मिटायला लागले. मी पंखा कमी केला, त्यांच्या पायांवर चादर घातली आणि मामींना उद्या परत येते असं सांगून बाहेर पडले.